वर्गात टीव्ही लावण्याआधी : आंतरवासितेला निघालेल्या छात्राध्यापकांसाठी

एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि प्रत्यक्ष शाळेत काढायचा काळ, म्हणजे आंतरवासिता, २० आठवड्यांचा झाला. त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी येतात. मी ते सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत काढले. सहावी ते आठवीला विज्ञान आणि भूगोल घेतला. शाळेत लोकवर्गणीतून आलेला एक मोठा टीव्ही होता, एक संगणक होता, आणि माझ्याकडे फोन होता. वर्गात तंत्रज्ञान म्हणतात ते माझ्यापुरतं एवढंच. बहुतेक छात्राध्यापकांच्या वाट्याला साधारण एवढंच येतं, म्हणून हा लेख त्या मापाचा आहे. टॅब्लेटने भरलेल्या वर्गाचा विचार मी केलेला नाही.

या काळात मी शिकवलं त्याहून जास्त पाहिलं. स्वतःचे पाठ, मैत्रिणींचे पाठ, शाळेतल्या कायम शिक्षकांचे तास. त्या नोंदींवरून सांगते.

पहिला आठवडा मागच्या बाकावर

शाळेत पाऊल ठेवलं की मुख्याध्यापक विचारतात, "मॅडम, तुम्हाला संगणक येतो ना? मग उद्यापासून डिजिटल वर्ग तुम्हीच बघा." तरुण छात्राध्यापकाला हे ऐकून बरं वाटतं. तरी आठवडाभराची मुदत मागून घ्या. "सर, आधी थोडे दिवस तास बघते, मग घेते," असं म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही.

मग शेवटच्या बाकावर बसा आणि वहीच्या पानावर तीन रकाने आखा: वेळ, पडद्यावर काय आहे, मुलं काय करताहेत. दर दोन मिनिटांनी एक ओळ लिहा. तिसऱ्या रकान्यात "मुलं लक्ष देऊन पाहत होती" असं कधीच लिहू नका. लक्ष डोळ्यांना दिसत नाही. दिसतं तेवढंच लिहा: "खिडकीकडची तिघं मान तिरकी करून बघताहेत, टीव्हीच्या काचेवर उन्हाची तिरीप आहे." "एक मुलगी वहीत आकृती काढायला लागली, निम्मी झाली तोवर पडद्यावरची आकृती गेली." "सात मिनिटांत एकही प्रश्न नाही."

आठवडाभराची पानं एकत्र वाचली तेव्हा तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसल्या. पहिली, ३५ मिनिटांच्या तासातली पहिली सहा-सात मिनिटं केबल, रिमोट आणि "सर, आवाज येत नाही" यात जात होती. दुसरी, व्हिडिओ चालू असताना वर्ग अगदी शांत असायचा आणि त्या शांततेलाच आम्ही समजणं मानत होतो. व्हिडिओ संपल्यावर "समजलं का?" या प्रश्नाला "हो बाई" असा एकसुरात जोरदार आवाज यायचा. पण "आत्ता काय पाहिलं ते शेजारच्याला सांग" म्हटलं की दोघं-तिघं सोडले तर सगळे एकमेकांकडे बघायचे. तिसरी गोष्ट माउसची. "कोण येतंय पुढे?" असं विचारलं की रोज तेच तीन मुलगे उठत. आठवडाभरात एकाही मुलीचा हात माउसला लागला नव्हता. हे वर्गातल्या कुणालाच खटकत नव्हतं, शिक्षकांनाही नाही. मी रकाने आखले नसते तर मलाही दिसलं नसतं.

याच आठवड्यात गणित शिकवणाऱ्या एका जुन्या गुरुजींचा तास मी पाहिला. भूमितीची आकृती ते फळ्यावर एकेक रेघ ओढत काढत होते. एक रेघ ओढायचे, थांबायचे, विचारायचे, "आता पुढची कुठून?" मुलं सांगायची आणि स्वतःच्या वहीतही तीच रेघ ओढायची. दोन दिवसांनी तीच आकृती माझ्या मैत्रिणीने स्लाइडवर दाखवली. रंगीत, अचूक, फार सुरेख. ती एकदम अख्खी समोर आली आणि सगळ्या पेन्सिली बाकावर पडल्या. कुठून सुरुवात करायची हेच मुलांना कळेना. त्या दिवशी माझ्या वहीत मी एक नियम लिहिला आणि पुढचे १५ आठवडे पाळला: जे हलतं ते पडद्यावर, जे घडवायचं ते फळ्यावर.

कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?

हा प्रश्न साधा वाटतो, पण तुमच्या निम्म्या अडचणी इथे सुरू होतात. टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात, किल्ली शिपाईमामांकडे, शिपाईमामा पंचायत समितीत टपाल द्यायला गेलेले. म्हणून पहिल्याच दिवशी किल्ली, रिमोट आणि केबल यांचा पत्ता लावा. पाठाच्या दिवशी शाळा भरण्याआधी २० मिनिटं जाऊन सगळं एकदा चालवून बघा.

पिशवीत या गोष्टी कायम ठेवा: स्वतःची एचडीएमआय केबल (निदान तीन मीटरची, आखूड केबलमुळे संगणक अशा जागी ठेवावा लागतो की तुमची पाठच वर्गाकडे होते), तीन पिनचा एक्स्टेंशन बोर्ड, रिमोटचे दोन सेल, लहान स्पीकर आणि चिकटपट्टी. जुना प्रोजेक्टर असेल तर त्याला बहुधा व्हीजीए केबल लागते. त्या केबलमधून आवाज जात नाही, तो वेगळ्या तारेने स्पीकरला न्यावा लागतो. माझा पहिला मूकपट असाच झाला होता. केबल जमिनीवरून जाते तिथे ती चिकटपट्टीने दाबून टाका, मुलं अडखळून पडतात.

पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावणार असाल तर तो कोणत्या फॉरमॅटचा आहे ते तपासा. बरेच जुने टीव्ही एनटीएफएस वाचत नाहीत, एफएटी-३२ वाचतात. त्यात एका फाइलला चार जीबीची मर्यादा असते, पण वर्गात दाखवायच्या तुकड्यांना ती कधी आड येत नाही.

आणि विजेचं काय? वीज जाईल हे धरूनच चाला. माझ्या पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, मी एक जादा ओळ आखून घेतली होती: "वीज नसेल तर." त्या ओळीत काही लिहिता आलं नाही, तर तो पाठ अजून तयार झालेला नाही असं मी समजत असे. १६ आठवड्यांत ही ओळ मला बऱ्याचदा कामी आली. एकदा तर निरीक्षणाला प्राध्यापक बसलेले असताना.

फाइल घरून तशीच येत नाही

माझ्या दुसऱ्याच पाठाला हे घडलं. रात्री जागून १२ स्लाइड केल्या होत्या. शाळेच्या संगणकावर उघडल्या तर "विद्युत परिपथ" या शब्दांच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरांची खिचडी. मुलं हसली नाहीत, उलट वाचायचा प्रयत्न करत राहिली, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

कारण सोपं आहे. मी टाइप केलं होतं ते जुन्या पद्धतीच्या, युनिकोड (कुठल्याही संगणकावर अक्षर तेच राहतं अशी संकेतपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. अशा फॉन्टमध्ये आत साठवलेलं अक्षर रोमनच असतं, फॉन्ट त्याला फक्त देवनागरीचा चेहरा देतो. त्या संगणकावर तो फॉन्ट नसला की चेहरा जातो. एमएस-सीआयटीच्या वर्गात किंवा गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात आपण याच फॉन्टवर टायपिंग शिकलेलो असतो, म्हणून ही चूक सर्रास होते. उपाय दोन. मराठी नेहमी युनिकोडमध्येच टाइप करा. फोनवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोडच असतं. आणि स्लाइडची एक पीडीएफ प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, कारण पीडीएफमध्ये अक्षरं बहुधा बरोबर येतात. हलणारं काही असेल तर ती फाइल वेगळी ठेवा.

अक्षराचा आकार ठरवायला एकच कसोटी आहे: शेवटच्या बाकावर स्वतः बसून वाचा. मला तिथून वाचता आलं नाही, तर तिथे बसणाऱ्या मुलालाही येत नाही. एका स्लाइडवर पाच ओळींच्या वर मजकूर मी नंतर कधीच ठेवला नाही. जोडाक्षरं बारीक आकारात एकमेकांत मिसळतात, 'द्ध' आणि 'ध्द' लांबून सारखेच दिसतात. पाठ्यपुस्तकाच्या चित्रांसाठी फोटो काढत बसू नका. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत, त्यातून चित्र स्वच्छ येतं.

व्हिडिओ आदल्या रात्री उतरवून ठेवा. इंटरनेटच्या भरवशावर वर्गात जाऊ नका. गावात रेंज असते, वर्गाच्या दगडी भिंतींच्या आत नसते. दुसरं कारण जाहिरातींचं आहे. एका मैत्रिणीने वर्गात थेट इंटरनेटवरून पचनसंस्थेचा व्हिडिओ लावला आणि मध्येच जी जाहिरात आली ती सातवीच्या मुलांसमोर यायला नको होती. पाच सेकंदच, पण पुढचा अख्खा तास त्या कुजबुजीत गेला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये जे साहित्य मिळतं, त्यातलं पुष्कळसं उतरवून ठेवता येतं आणि त्यात जाहिराती येत नाहीत. सुरुवात तिथून करा. त्यातलं सगळंच चांगलं आहे असं नाही. काही व्हिडिओ म्हणजे पुस्तकातला उताराच कुणीतरी वाचून दाखवलेला असतो. तो दाखवू नका, तुम्ही त्याहून चांगलं वाचता.

पडद्यावर काय न्यायचं

बी.एड.च्या अभ्यासात आपण मिश्रा आणि कोलर यांचा २००६ सालचा टीपॅक आराखडा वाचतो: विषयाचं ज्ञान, अध्यापनाचं ज्ञान, तंत्रज्ञानाचं ज्ञान आणि या तिन्हींचा छेद. परीक्षेत तीन वर्तुळं काढून गुण मिळतात. वर्गात मात्र मला एकच प्रश्न उपयोगी पडला: हे मुलांना हाताने, डोळ्याने, शाळेच्या आवारात दाखवता येतं का? येत असेल तर टीव्ही बंद.

उदाहरणार्थ स्थानिक वेळ. भारताची प्रमाण वेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाची, आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटांचा फरक. साताऱ्याचा रेखांश ७४ अंशांच्या आसपास, म्हणजे साडेआठ अंश मागे, म्हणजे ३४ मिनिटं. फिरती पृथ्वी दाखवणारा व्हिडिओ माझ्याकडे तयार होता. तो बाजूला ठेवला आणि डिसेंबरच्या शेवटी आठवीला मैदानात नेलं. एक काठी उभी रोवली आणि १२ वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवला. १२ वाजता सावली सर्वांत आखूड असणार, अशी सगळ्यांची खात्री होती. ती होत गेली आणखी आखूड. साडेबारा उलटून गेल्यावर ती वाढू लागली. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आपले १२ आत्ता वाजले!" (ही कृती तुम्ही नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत केलीत तर दहा-पंधरा मिनिटांचा फरक दिसेल. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाबरोबर चालत नाही. डिसेंबरचा शेवट आणि एप्रिलचा मध्य याला चांगले.)

फोनचा उपयोग इथेही झाला, पण तो दाखवण्यासाठी नव्हता, नोंदीसाठी होता. दर पाच मिनिटांनी एकाच जागेवरून फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे फोटो टीव्हीवर भराभर पुढे सरकवले. सावली घड्याळाच्या काट्यासारखी फिरताना दिसली. स्वतः ठेवलेले खडे ओळखून मुलं ओरडत होती. बाहेरून आणलेल्या कुठल्याही व्हिडिओला असा प्रतिसाद मी पाहिला नाही.

एक पाठ जवळून

आठवीचा धारा विद्युतचा पाठ. इथे टीव्ही लागतोच, कारण तारेतून काय वाहतं ते कुणालाच दिसत नाही.

आधी प्रश्न फळ्यावर लिहिला: दोन सारखे दिवे एकाच तारेवर एकापाठोपाठ जोडले, तर कोणता जास्त उजळ पेटेल? उत्तरासाठी कार्डं वापरली. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर अ, ब, क, ड लिहून प्रत्येक मुलाला चार कार्डांचा एक संच मी आधीच करून दिला होता. "एक, दोन, तीन" म्हटलं की सगळ्यांनी एकाच वेळी कार्ड वर करायचं. हात वर करायला सांगितलं की मुलं हुशार मुलाकडे बघून हात वर करतात. कार्ड एकदम वर आलं की तशी सोय राहत नाही. बहुतेकांनी 'घटाजवळचा पहिला दिवा' निवडला. कारण विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, "पहिला दिवा करंट खाणार ना बाई, दुसऱ्याला उरलेला मिळणार." शेतात पाइपाला जवळच्या तोंडाशी पाणी जोरात येतं आणि टोकाला बारीक येतं, हे रोज बघणाऱ्या मुलीचं हे उत्तर होतं. मी ते खोडून काढलं नाही, तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं.

मग गटागटांत घट, टॉर्चचे दिवे, तारा. दोन्ही दिवे सारखेच मंद पेटले. वर्गात गोंधळ. कुणी दिव्यांची अदलाबदल करून पाहिली, कुणी घट उलटा लावला. यात १५ मिनिटं गेली आणि ती जाऊ द्यावीत.

आता टीव्ही. फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ साली सुरू केला. त्यातली सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे आभासी प्रयोग, मोफत आहेत, बरीच मराठीतही आहेत आणि उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. परिपथ जोडायच्या सिम्युलेशनमध्ये तारेतून निळे ठिपके सरकताना दिसतात, तेच इलेक्ट्रॉन. मी पहिल्या दिव्याच्या आधीच्या तारेवर बोट ठेवलं, मग दोन्ही दिव्यांच्या मधल्या, मग शेवटच्या. "कुठे हळू झाले?" सगळीकडे वेग एकच. 'करंट खाणारी' मुलगी उठून टीव्हीजवळ आली, नाक लावून ठिपके मोजू लागली. मग वळून म्हणाली, "खात नाही. फिरतो नुसता."

या सिम्युलेशनचा एक खड्डा आधीच सांगून ठेवते. ठिपके ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातात आणि पुस्तकातला विद्युतधारेचा बाण उलटा असतो. हुशार मुलं लगेच विचारतात, खरं कोणतं? इलेक्ट्रॉनऐवजी संकेताप्रमाणे धारेचे बाण दाखवायचा पर्याय तिथेच आहे. दोन्ही दाखवा आणि सांगा, की इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याआधीच धारेची दिशा ठरवून टाकली होती, ती आजही वापरात आहे. तारेने घटाची दोन टोकं थेट जोडली की पडद्यावरच्या घटाला आग लागते, तेही एकदा दाखवा. घरात हा प्रयोग करायचा नाही, हे त्यापेक्षा चांगलं कसं सांगणार?

शेवटची दहा मिनिटं टीव्ही बंद. परिपथाची आकृती फळ्यावर, एकेक चिन्ह मुलांना विचारत. घट, कळ, दिवा. त्या दिवशी वह्या तपासताना फार कमी आकृत्या चुकलेल्या होत्या.

माउसचं कोडं मी या पाठापासून सोडवलं. दोघांची जोडी पुढे येते: चालवणारा एक, सांगणारा दुसरा. चालवणाऱ्याने स्वतः काही ठरवायचं नाही, सांगणारा म्हणेल तेच करायचं. जोडी हजेरीपटाच्या क्रमाने, हात वर करून नाही. पहिल्या दिवशी दोन मुलींनी माउस धरायला नकार दिला. मी आग्रह केला नाही, त्यांना सांगणाऱ्या केलं. तिसऱ्या पाठाला त्यांनी स्वतःहून जागा बदलून घेतल्या.

थांबवा

व्हिडिओ दाखवायचाच असेल तर रिमोटवरचं सगळ्यात महत्त्वाचं बटण थांबवण्याचं आहे. तीन-चार मिनिटांचा तुकडा पुरतो. तो आदल्या दिवशी पाहताना कुठे थांबायचं त्या वेळा टाचणात लिहून ठेवा: ०:४०, १:२५, २:५०. प्रत्येक थांब्याला एकच काम द्या. "पुढे काय होईल, शेजाऱ्याला सांग." "आत्ता जे दिसलं त्याचं नाव वहीत लिही." मग चालू.

आवाज बंद करून दाखवणं हे मला सगळ्यात जास्त भावलेलं तंत्र आहे. हृदयाचं कार्य दाखवणारा तुकडा मी एकदा आवाजासह दाखवला आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून, निवेदन मुलांनी करायचं. क्रिकेटची कॉमेंट्री करणारा एक मुलगा, जो एरवी तासाला खिडकीबाहेर बघायचा, तो उभा राहिला आणि "उजव्या अलिंदातून रक्त निघालंय, झडप उघडली, आणि आलं उजव्या निलयात" असं थेट समालोचन सुरू केलं. त्याचं 'फुप्फुस' चुकलं तेव्हा मागून चार जणांनी दुरुस्त केलं. यात कुणाला काय समजलं हे मला न विचारता कळलं.

फोन म्हणजे भिंग

चार पुस्तकांची चळत, तिच्यावर आडवी पट्टी, पट्टीवर फोन, कॅमेरा खाली. फोनचा पडदा टीव्हीवर दाखवायची सोय दोन्हीकडे असेल, तर इंटरनेट लागत नाही. रात्रभर भिजवलेला हरभरा नखाने उघडून त्याखाली ठेवला की दोन दलं आणि त्यामधला इवला अंकुर अख्ख्या वर्गाला एकदम दिसतो. एरवी ३० मुलांनी आळीपाळीने वाकून बघण्यात तास संपतो. एखाद्या मुलाची वही तिथे ठेवून त्याने गणित कसं सोडवलं ते सगळ्यांसमोर मांडता येतं. बरोबर सोडवलेलीच वही ठेवू नका. अर्ध्यात अडकलेली ठेवा, पण त्या मुलाला आधी विचारून.

घरचे फोन, फोटो आणि आणखी काही

व्हॉट्सॲपवर गृहपाठ टाकण्याआधी कुणाच्या घरी फोन केव्हा असतो ते माहीत करून घ्या. वर्गात "कुणाकडे स्मार्टफोन नाही?" असं विचारून हात वर करायला लावू नका. एकेकाला वही तपासताना हळूच विचारा. बऱ्याच घरी एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, रात्री नऊला परत येतो, तोवर मूल झोपलेलं असतं. म्हणून फोनवरचा अभ्यास हा जादाचा ठेवा, त्याच्यावाचून कुणाचं काही अडू नये. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्या कोडचा मोठा फायदा मला असा वाटतो, की वर्गात हुकलेलं मूल फोन हातात येईल तेव्हा तोच भाग हवा तितक्या वेळा पाहू शकतं. मुलांना कोड कसा उघडायचा ते एक तास देऊन शिकवा. पालकसभेत आयांनाही दाखवा.

मुलांचे फोटो. आंतरवासितेच्या अहवालात पाठाचे फोटो लावायचे असतात, म्हणून आपण सारखे फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. मुख्याध्यापकांना विचारा, पालकांची संमती घ्या. अहवालासाठी पाठमोरे फोटो काढा, हातांचे, वह्यांचे, प्रयोगांचे काढा. स्टेटसला मुलांचे चेहरे नकोत.

टाचण चॅटजीपीटीकडून लिहून घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. मीही प्रश्न काढायला वापरून पाहिलं. मराठीत ते पाठ्यपुस्तकाचे शब्द सोडून भलतेच वापरतं; पुस्तकात 'विभवांतर' आहे तिथे मला 'संभाव्य फरक' मिळालं. मुलाने परीक्षेत ते लिहिलं तर गुण जातील. प्रत्येक संज्ञा पुस्तकाशी ताडून बघा. आणि तुमच्या वर्गातली कोणती मुलगी करंट खाल्ला जातो असं समजते, हे त्याला ठाऊक नसतं.

निरीक्षणाच्या पाठाबद्दल एक. मूल्यमापनाच्या तक्त्यात 'शैक्षणिक साहित्याचा वापर' असा रकाना असतो, म्हणून आपण गरज नसताना स्लाइड कोंबतो. टीव्ही का लावला नाही याचं कारण टाचणात एका वाक्यात लिहून ठेवा. सावलीच्या पाठाला मी तसं लिहिलं होतं. आमच्या प्राध्यापिकांनी ते वाचलं आणि काठीभोवती मुलांबरोबर उभ्या राहून स्वतःही एक खडा ठेवला.

शाळा सोडताना

तुम्ही जाता, टीव्ही तिथेच राहतो. शेवटच्या आठवड्यात शाळेच्या संगणकावर इयत्तेप्रमाणे फोल्डर करा आणि त्यात वर्गात चालून गेलेल्याच फाइल ठेवा, युनिकोडमधल्या, नावं मराठीत. पासवर्ड स्वतःच्या फोनमध्ये घेऊन जाऊ नका. ज्यांना संगणकाची भीती वाटते अशा एका शिक्षकांबरोबर दोनदा बसा; हात त्यांचा माउसवर, तुम्ही फक्त सांगणार. मी गणिताच्या गुरुजींबरोबर बसले. त्यांना फक्त पुस्तकांच्या चळतीवरचा फोन हवा होता, मुलांच्या वह्या दाखवायला.

मग कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरांत: केबल मधल्या खणात. रिमोटचे सेल डाव्या डब्यात. आवाज आला नाही तर टीव्हीचा स्रोत 'एचडीएमआय दोन' करा. दुपारी दोननंतर खिडकीचा पडदा ओढा. किल्लीची दुसरी प्रत आठवीच्या वर्गशिक्षकांकडे.